साखर ताब्यात होती, मग अटॅक आला कसा? पोट, मधुमेह आणि ताट सांभाळण्याची वाट, पायरीपायरीने

दादाला ठाणे स्टेशनच्या पुलावर दरदरून घाम फुटला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. छातीत कळ नव्हती, हात दुखत नव्हता. नुसता दम लागला आणि पोटात मळमळलं. "दुपारचा डबा चारला खाल्ला, ॲसिडिटी झाली," असं म्हणत तो टपरीवर सोडा प्यायला, रिक्षाने पाचपाखाडीला घरी आला आणि न जेवताच आडवा झाला. पहाटे चारला वहिनीचा मला फोन आला. अँजिओग्राफी झाली, दोन स्टेंट बसले, आठवड्याने तो घरी आला. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून वहिनी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. "नऊ वर्षं यांची साखर मी सांभाळली. तीन महिन्यांची साखर कधी सातच्या वर जाऊ दिली नाही. अंगाने हे काडीसारखे. मग अटॅक आला कसा?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला आम्हाला बरेच महिने लागले. दादाची जुनी फाईल उघडली तेव्हा दिसलं की साखरेचे रिपोर्ट पंचवीसेक होते, कोलेस्टेरॉलचा एकच, तोही पाच वर्षांपूर्वीचा. रक्तदाबाची नोंद कधी होती, कधी नव्हती. कंबर तर कोणी कधी मोजलीच नव्हती. आम्ही घरच्यांनीही कधी विचारलं नाही. साखर नीट आहे ना, मग झालं, असं धरून चाललो.

मी डॉक्टर नाही. गेली सहा वर्षं दादाच्या घरचं स्वयंपाकघर, त्याच्या तपासण्या आणि त्याची चाल यांत वहिनीबरोबर मीही आहे. जे केलं ते त्याच्या डॉक्टरांना विचारून केलं, आणि त्याच क्रमाने इथे मांडते आहे. गोळी कमी-जास्त करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी टेप घ्या, वजनकाटा नंतर

शिवणकामाची टेप घ्या. सकाळी, न्याहारीच्या आधी, पोटावरचा कपडा वर करून उभे राहा. बरगडीचं सर्वांत खालचं टोक आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपा. या दोघांच्या मधोमध टेप जमिनीला समांतर धरा, श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका. पँटचा नंबर सांगून मोकळं होऊ नका, कारण पोट सुटलेली माणसं पँट पोटाच्या खाली घालतात आणि तो नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो.

आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. एवढं लक्षात राहत नसेल तर आणखी सोपं माप आहे. कंबर ही उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. दादाची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढला तर जेमतेम २२.८, म्हणजे भारतीयांसाठी ठरवलेल्या २३ च्या मर्यादेतही तो बसत होता. कंबर मात्र ९४. हातपाय सडपातळ, मधे टणक गोल पोट. आमच्या सोसायटीत असे निदान दहा पुरुष मी नावानिशी सांगू शकेन.

हे आपल्या लोकांचं खास दुखणं आहे आणि ते जगापुढे नीट मांडलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आतून निराळे.

पोटाची चरबी कातडीखालच्या चरबीसारखी गप्प बसत नाही. आतड्यांभोवतीची ही चरबी यकृतात उतरते. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून येतं ते हेच, आणि आपण ते किरकोळ समजून कागद घडी करून ठेवतो. असं यकृत इन्सुलिनला दाद देत नाही. मग रक्तात साखर चढते, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक, रक्तवाहिनीच्या अस्तरात सहज घुसणारे होतात. रक्तदाबही वर सरकतो. म्हणजे वजन, मधुमेह आणि हृदयविकार ही तीन वेगळी दुखणी नाहीत, तिघांचं मूळ बरंचसं त्या टेपच्या आत आहे.

मग सगळे आकडे एका कागदावर आणा

फाईल जाडजूड असते, म्हणूनच तिच्यातलं काही दिसत नाही. आम्ही वहीच्या एका पानावर तक्ता आखला आणि तो फ्रिजच्या दारावर लावला. त्यात काय लिहायचं ते सांगते.

उपाशीपोटी साखर: १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि पुढे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी: ५.७ च्या खाली चांगली, ६.४ पर्यंत उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मधुमेह असलेल्यांना बहुतेक वेळा सातच्या आसपास किंवा खाली राहायला सांगतात. वयस्कर किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला डॉक्टर थोडी सैल मर्यादा देतात, आणि ते बरोबर आहे.

त्याखाली लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी. यात नजर एलडीएलवर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलवर ठेवा. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा निरोगी माणसाची असते आणि मोठी फसगत इथेच होते. मधुमेह्याला ती लागू नाही. मधुमेह असेल तर एलडीएल १०० च्या खाली हवं, बहुतेकांना ७० च्या खाली, आणि हृदयविकार होऊन गेला असेल तर त्याहूनही खाली. दादाचं १२८ होतं, लॅबच्या कागदावर त्यापुढे लाल खूण नव्हती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवेत. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या वर हवं. घरात तरुणपणी अटॅक येऊन गेलेलं कोणी असेल तर लायपोप्रोटीन-ए ही रक्ताची तपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. मूत्रपिंडाला इजा होऊ लागली की हृदयाचा धोकाही वाढलेला असतो, आणि या दोन तपासण्या ते लवकर सांगतात.

रक्तदाब घरी मोजा. दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून, न बोलता बसा, चहा आणि तंबाखू आधी अर्धा तास नको. दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. मधुमेह असेल तर १३० बाय ८० च्या खाली राहावा असं डॉक्टर सांगतात. घरच्या मशीनवर १३५ बाय ८५ च्या वर सतत येत असेल तर ते 'थोडंसं' नाही.

पैशांची अडचण असेल तर तिशीपुढच्या कोणालाही सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत करून मिळते. ईसीजी नीट आला म्हणजे सुटलो, असं मात्र समजू नका. ईसीजी त्या क्षणाचं सांगतो, रक्तवाहिनीत किती थर साचलाय ते सांगत नाही.

साखर एकटीच का पुरत नाही

वहिनीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. मधुमेह असला की हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. तेव्हा साखर जेवढी खाली दाबू तेवढं हृदय सुरक्षित, असं कोणालाही वाटेल. अमेरिकेत ॲकॉर्ड नावाच्या मोठ्या अभ्यासात नेमकं हेच करून पाहिलं. एचबीए१सी सहाच्या खाली आणायचा जोर लावला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा त्या गटात मृत्यू वाढलेले दिसले आणि अभ्यासाचा तो भाग थांबवावा लागला.

याउलट डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ अभ्यासात मधुमेह असलेल्या १६० जणांपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान असं सगळं एकत्र हाताळलं. २००३ मध्ये दिसलं की हृदयविकार आणि लकव्यासारख्या घटना त्यांच्यात जवळपास निम्म्याने घटल्या. २१ वर्षांच्या पाठपुराव्यात हा गट दुसऱ्या गटापेक्षा सुमारे आठ वर्षं जास्त जगला. आमच्या घरी नऊ वर्षं एकाच दाराला कुलूप लावलं होतं, बाकीची दारं उघडी होती.

आणि आपल्याकडे घाई करायला कारण आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास ५९ व्या वर्षी.

ताट: काय बंद करायचं यापेक्षा काय आधी वाढायचं

दादा घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला जवळजवळ उपाशी मारलं. उकडलेली भाजी, कोरडी पोळी, तूप बंद, भात बंद. दहाव्या दिवशी त्याने ताट सरकवलं. मग हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की ताटातले पदार्थ तेच राहू देत, त्यांची जागा आणि क्रम बदला.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा. बटाटा, रताळं, सुरण यात धरायचे नाहीत. पाव भाग उसळ, घट्ट आमटी, अंडं, मासे, पनीर किंवा दही. उरलेला पाव भाग पोळी, भाकरी किंवा भात. आपल्या नेहमीच्या ताटात हे उलटं असतं, भाताचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी चमचाभर भाजी. देशभरातल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत दिसलं की भारतीयांची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. हीच पाहणी २०२३ मध्ये सांगत होती की देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर.

इथे एक गैरसमज मला अगदी मनापासून दूर करायचा आहे. "आम्ही गहू सोडला, आता ज्वारीच खातो," असं अभिमानाने सांगणारी माणसं तीन तीन भाकऱ्या खातात. ज्वारी, नाचणी चांगलीच आहेत, त्यांत चोथा जास्त असतो. पण त्याच पाहणीत दिसलं की पिष्ट तेवढंच ठेवून नुसता मैदा-तांदळाच्या जागी गहू किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. पिष्टच थोडं कमी करून तिथे डाळी, दूध-दही असं प्रथिन आलं, तेव्हा फरक दिसतो. म्हणून दादाची तीन पोळ्यांवरून दीड भाकरी झाली आणि वाटीभर मटकीची उसळ वाढली.

पातळ वरण प्रथिनाच्या हिशेबात फारसं धरू नका. चमचा उभा राहील अशी आमटी करा. मूग, मटकी, चवळी, हरभरे, राजमा आलटून पालटून भिजत घाला. वहिनी रविवारी रात्री दोन कडधान्यं भिजवते, मोड आणून डब्यात भरून ठेवते, गुरुवारपर्यंत काळजी नाही.

क्रम असा: आधी कोशिंबीर, मग भाजी आणि उसळ, शेवटी भाकरी-भात. पोटात आधी चोथा आणि प्रथिन गेलं की पिष्टाची साखर हळू चढते. दादाने ग्लुकोमीटरवर स्वतः तपासलं. तेच जेवण, नुसता क्रम बदलला, तर जेवणानंतर दोन तासांची साखर उतरली. हे तुम्हीही घरी करून बघा, डोळ्यांनी पाहिलेलं पटतं.

कोळीवाड्याजवळ राहणाऱ्यांचं नशीब थोर आहे. बांगडा, तारली या स्वस्त, तेलकट माशांत हृदयाला चांगली ओमेगा-३ चरबी असते, आणि आपण मात्र पापलेटलाच मान देतो. आठवड्यातून दोनदा बांगड्याचं कालवण करा, खोबरं बेताचं वाटा, तव्यावर तळलेली तुकडी सणासुदीला ठेवा. सुकट-बोंबील चवीपुरतं, कारण ते मिठात मुरलेलं असतं.

न्याहारीला पोहे करायचे असतील तर पोहे मूठभर आणि मटार, गाजर, फरसबी, दाणे भरपूर. त्याऐवजी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी असतील तर उत्तम. फळ चावून खा, रस पिऊ नका. आंब्याच्या दिवसांत दादा अर्धा हापूस खातो, जेवणानंतर लगेच नाही, दुपारच्या चहाच्या जागी, आणि त्या दिवशी जेवणातला भात सोडतो. गूळ, काकवी, मध ही साखरच आहे. गुळाच्या चहाने मधुमेह बरा होत नाही.

चहा आणि संध्याकाळची भूक

ऑफिसात चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर. म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम. वर्षाचे साडेचौदा किलो. एवढी साखर एका माणसाने नुसत्या चहातून खाल्ली असं ऐकल्यावर दादाच्या शेजारी बसणाऱ्या साहेबांनीही साखर अर्धी केली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिन्या-दीड महिन्यात जीभ सरावते आणि जुना चहा पाकासारखा लागतो.

संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून निघालेला माणूस आठला ठाण्याला उतरतो तो भुकेने कासावीस. स्टेशनबाहेर गरम वडे निघत असतात. त्या क्षणी कोणाचाही निश्चय टिकत नाही, आणि त्यात त्या माणसाचा दोष नाही. उपाय पाचला करायचा आहे. डब्याच्या कप्प्यात मूठभर फुटाणे आणि एक पेरू ठेवा, ऑफिस सोडण्यापूर्वी खाऊन निघा.

मिसळ कायमची सोडा असं मी ठाणेकराला कधीच सांगणार नाही. मामलेदार कचेरीजवळ वाढलेली माणसं आम्ही. मिसळीतली मटकी चांगलीच आहे. तर्री कमी मागा, फरसाण वेगळं मागून चिमूटभर घाला, दोनाऐवजी एक पाव घ्या, आणि महिन्यातून एकदा जा.

तेल आणि मीठ

तेल कमी करा म्हटलं की सगळे मान डोलावतात, पण किती ते कळत नाही. महिन्याच्या एक तारखेला मोजून आणा. चार माणसांना महिन्याला दोन ते अडीच लिटर पुरवायचं, संपलं की संपलं. शेंगदाणा, मोहरी, तीळ, राईस ब्रॅन आलटून पालटून वापरा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. गरम वरणावर चमचाभर तुपाची धार चालते, फोडणीला तेल आणि वरून पोळीला तूप आणि चटणीत खोबरं असं तिन्ही एकाच जेवणात नको. खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं बंद.

मीठ दिवसाला सपाट एक चमचा, पाच ग्रॅम, तेही सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, फरसाण, पाव, सॉस यांतलं मीठ आपण मोजतच नाही. ताटात मिठाचा ढीग वाढायची पद्धत आमच्याकडे बंद झाली. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.

उपास

आषाढी, श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र. मधुमेहाच्या घरात उपासाचे दोन धोके असतात आणि दोन्ही उलट्या दिशेचे.

साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. बटाटा, वऱ्याचे तांदूळ आणि साबुदाणा असा एकादशीचा फराळ झाला की साखर उसळी मारते. त्याऐवजी दही, ताक, मूठभर दाणे, काकडीची कोशिंबीर, राजगिरा आणि एखादं फळ घ्या.

दुसरा धोका जास्त मोठा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जो दिवसभर निर्जळी राहतो, त्याची साखर घसरून तो चक्कर येऊन पडू शकतो. हातपाय थरथरणं, घाम, धडधड, बोलणं अडखळणं दिसलं की साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या असतील तर लांबचा उपास वेगळ्या कारणाने धोक्याचा असतो. उपासाच्या आधल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून त्या दिवसाच्या गोळीचं ठरवून घ्या. माझ्या आईने ७० व्या वर्षी निर्जळी सोडली, तेव्हा तिला फार वाईट वाटलं होतं. तिच्या भटजींनीच तिला सांगितलं की आजाऱ्याला उपास सक्तीचा नसतो.

चालणं, आणि पावसाळ्यातलं चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. लोकलमध्ये तासभर उभं राहणं यात धरू नका, तो शीण आहे. दादाने सुरुवात कचराळी तलावाच्या फेरीने केली, पहिल्या महिन्यात दहा मिनिटं, डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट करून परवानगी दिल्यावर वाढवलं. उपवनला किंवा मासुंदा तलावाला चालणारेही खूप दिसतात. येऊरचा चढ पहिल्याच आठवड्यात नको, विशेषतः मधुमेह जुना असेल तर.

जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं शतपावली करा. त्या वेळी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनही कमी लागतं.

ठाण्यात चार महिने पाऊस कोसळतो आणि सगळ्यांची चाल जूनमध्ये सुटते ती दिवाळीपर्यंत. त्या दिवसांत सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा घरातच चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, असे तीन फेरे. भिंतीला हात टेकून दंड काढा. पन्नाशीनंतर स्नायू झिजतात, ते टिकले तरच साखर मुरायला जागा राहते. मधुमेह्याने अनवाणी चालू नये, देवळाच्या आवारातही नाही, आणि रोज रात्री तळपाय बघावेत.

वजन किती उतरवायचं

८० किलोच्या माणसाने ६० चं स्वप्न बघू नये. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट होतं, आणि उंबरठ्यावरच्या लोकांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भारतातल्या तशाच अभ्यासात ही घट सुमारे २८ टक्के होती. म्हणजे ८० किलोवाल्याला साडेपाच किलो पुरतात. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशांपैकी ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले, त्यांतल्या १०० पैकी ८६ जणांची साखर वर्षभराने गोळ्यांशिवाय ताब्यात होती. ते सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं, कुणाच्या पावडरीवर नाही.

दादासारख्या काटकुळ्याचं काय? त्याने वर्षात चारच किलो उतरवले. कंबर ९४ ची ८७ झाली. आम्ही काट्याकडे बघायचंच सोडलं, महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप लावतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात

चाळिशीपुढच्या मधुमेह्याला कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असतानाही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, द्यायला सांगतात, आणि लोक ती गुपचूप बंद करतात. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरं आहे. तिने हृदय वाचतं तो फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतात. महाग पडत असेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा. वजनाची नवी इंजेक्शनं काहींना खरोखर उपयोगी आहेत, पण ती जिमवाल्याकडून घ्यायची वस्तू नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांतलं काहीही चालू असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. तिथून सुरुवात करा.

आणि ती रात्र आलीच तर

मधुमेहाने नसा बधिर होतात, म्हणून अटॅकची कळ अनेकदा जाणवतच नाही. बायकांमध्येही असं पुष्कळदा होतं. अचानक घाम, दम, मळमळ, जबडा किंवा पाठ भरून येणं, विचित्र थकवा, यांतलं काहीही दहा मिनिटांत उतरलं नाही तर त्याला ॲसिडिटी म्हणू नका. सोडा, ओवा, इनो यांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका, स्वतः गाडी चालवायला देऊ नका. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची गोळी, जिभेखाली ठेवू नका, रक्तदाब आधीच कमी असेल तर ती घात करते. ३०० मिलीग्रॅम ॲस्पिरिन चावून खायची का, हे तुमच्या डॉक्टरांना आजच, बरे असताना विचारून ठेवा.

घराजवळ चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं हॉस्पिटल कोणतं, हेही आजच शोधा. रात्री आणि गर्दीच्या वेळी, दोन्ही वेळा तिथे पोचायला किती मिनिटं लागतात ते बघा, घोडबंदर रोडवर राहत असाल तर नक्कीच. फ्रिजवरच्या त्या तक्त्याच्या मागच्या बाजूला वहिनीने लिहून ठेवलंय: हॉस्पिटलचा नंबर, मधुमेह कधीपासून, चालू गोळ्यांची नावं आणि डोस, कशाची ॲलर्जी, स्टेंट कधी बसले, विम्याच्या कार्डाचा क्रमांक. कागद प्लास्टिकच्या पिशवीत आहे, आणि तो कुठे आहे हे वॉचमनलाही माहीत आहे.